यीस्टचा एमएसएच२ डिलीशन स्ट्रेन: वापरून बनलेलं मत

लिंच सिंड्रोमवर (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकारावर) काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत हा स्ट्रेन, म्हणजे एमएसएच२ जनुक काढून टाकलेला यीस्टचा वाण, असावा, असं मी ठामपणे म्हणेन. माणसात एमएसएच२ जनुक बिघडलं की मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. यीस्टमध्येही हेच जनुक डीएनएतल्या चुकीच्या जोड्या दुरुस्त करतं. १९९३ साली यीस्टवरच्या कामातूनच संशोधकांना या कर्करोगाचा धागा सापडला.

कॅनाव्हनीन या पेशींना विषारी पदार्थाच्या प्लेटवर फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. साध्या यीस्टच्या तुरळक वसाहती, आणि याच्या मात्र प्लेटभर! हे विष पेशीत आत घेणारं कॅन१ जनुक निकामी झालेल्या पेशीच तिथे जगतात, म्हणजे प्रत्येक वसाहतीमागे दुरुस्त न झालेली एक चूक. रुग्णाच्या जनुक-चाचणीच्या अहवालात एमएसएच२ मधल्या एखाद्या बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला असेल आणि प्रथिनातली ती जागा यीस्टमध्ये जुळत असेल, तर तोच बदल इथे तपासता येतो. मला याचं फार मोल वाटतं.

जपावं मात्र लागतं. प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलात तर त्यात भलतेच बदल साचतात. दर वेळी उणे ८० अंशांच्या साठ्यातूनच काढा. स्ट्रेन आल्या आल्या पीसीआर ही डीएनएची चाचणीही करून घ्या, म्हणजे जनुक खरंच काढलेलं आहे का ते कळेल. बीआरसीए१-२ या स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांसाठी हा मार्ग धरू नका, यीस्टमध्ये ती जनुकंच नाहीत.