कुडाळातलं संस्थांच्या फायली करणारं दुकान : अनुदानाच्या अर्जासाठी वर्थ आहे का?

सिंधुदुर्गात महिलांसाठी काम करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात की तुमच्या संस्थेचा प्रस्ताव कोणी करून दिला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कुडाळात स्टँडकडून बाजाराकडे येताना एक गाळा लागतो, बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट असं सगळं आणि खाली बारीक अक्षरात 'संस्थांची कामे'. नाव देत नाही कारण काकांनाच नकोय, म्हणतात आधीच गर्दी आवरत नाही.

काका रिटायर्ड अकाउंट्सवाले, आयुष्यभर सरकारी बिलांवर शेरे मारत बसलेला माणूस, त्यामुळे फाईल कुठल्या टेबलावर कशासाठी अडते ते त्यांना आतून माहीत. टायपिंग आणि पोर्टलचं काम भाची बघते, ती फास्ट आहे.

आम्हाला हवं होतं ते अत्याचारग्रस्त बायकांच्या निवाऱ्यासाठी आणि कोर्टात सोबत करण्यासाठी अनुदान. गेल्या गेल्या काकांनी योजनेबद्दल अवाक्षर काढलं नाही, आधी ट्रस्टचे कागद मागितले. धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात विश्वस्तांची आत्ताची नावं लागलीत का, बदल अर्ज निकाली आहेत का, शेड्युल आठ आणि नऊसकट (म्हणजे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचा तक्ता) ऑडिट आहे का, दर्पणचा, म्हणजे नीती आयोगाच्या संस्था-नोंदणी पोर्टलचा नंबर आहे का. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कळवायचं असतं विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली, आणि कोकणातल्या अर्ध्या संस्थांचं घोडं इथेच अडतं असं त्यांचं म्हणणं, कारण जुने विश्वस्त मुंबईला मुलाकडे जाऊन राहिलेले असतात आणि सहीला फक्त गणपतीत सापडतात. दर्पणची नोंदणी फुकट असते हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्याचे पैसे लावले नाहीत. बाहेर त्याचे हजारांत घेणारे लोक आहेत बरं का.

मग योजना. २०२२ पासून मिशन शक्ती, म्हणजे केंद्राची महिलांसाठीची एकत्र योजना, आल्यावर जुनी स्वाधार गृह (अडचणीतल्या बायकांचा निवारा) आणि उज्ज्वला (गॅसवाली नव्हे, तस्करीतून सुटलेल्या बायकांसाठीची) ह्या दोन्ही योजना शक्ती सदन ह्या निवाऱ्याच्या योजनेत मिसळल्या, त्यामुळे जुने फॉरमॅट घेऊन बसलात तर वेळ वाया. वन स्टॉप सेंटर म्हणजे आपलं सखी केंद्र, जिथे अत्याचार झालेल्या बाईला एकाच ठिकाणी सगळी मदत मिळते, त्याला शंभर टक्के केंद्राचा पैसा, महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून, आणि शक्ती सदनला केंद्र साठ राज्य चाळीस. म्हणजे दोन सरकारांची सवड जमायला हवी. हे सगळं तुम्हाला मंत्रालयाच्या गाईडलाईनमध्येही वाचता येईल, पण काकांनी जे केलं ते गाईडलाईनमध्ये नाही.

आमच्या एका हितचिंतकाने पुण्याच्या कुठल्यातरी संस्थेचा मसुदा आणून दिला होता, तो काकांनी चष्मा वर करून वाचला. त्यात 'शहरी झोपडपट्टीतील महिला' आणि 'लोकलने प्रवास' असं काय काय. काका म्हणाले, "आरवलीत झोपडपट्टी खय असा गो? आणि लोकल खयची, दिवा पॅसेंजर?" दुकानातले सगळे हसले. तो मसुदा त्यांनी पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकला आणि आम्हाला प्रश्न विचारायला बसले. जिल्ह्यात सखी केंद्र असताना तुमची गरज काय, हा पहिला, कारण वरचा माणूस हेच विचारणार. आम्ही म्हटलं तिथे पाच दिवसांपर्यंतच राहता येतं. "मगे सहाव्या दिसाक ती खय जातली? ता लिवा." बस्स, आमच्या प्रस्तावाचं पहिलं पान तेच झालं. सहाव्या दिवशी बाई परत त्याच घरात जाते, जिथे आरोपी दीर असतो नाहीतर शेजारी असतो, आणि साक्षीची तारीख येईपर्यंत जबाब फिरलेला असतो. हे आम्हाला माहीतच होतं, आम्ही रोज बघतो, पण प्रस्तावात लिहायची ही गोष्ट आहे असं कोणी म्हणालं नव्हतं, सगळे 'सक्षमीकरण' लिहा म्हणायचे.

बजेटचंही तसंच. दुसरा प्रश्न, "बाई कोर्टातसून घराक कशी जातली?" जिल्हा न्यायालय ओरोसला, बाई वेंगुर्ल्याच्या पलीकडच्या वाडीतली, पुकारा दुपारी चारला, गावात जाणारी शेवटची एसटी गेलेली. म्हणजे रिक्षा, सोबत एक कार्यकर्ती, तान्हं मूल असेल तर जेवणाचा खर्च. हे सगळं आम्ही आजवर स्वतःच्या पर्समधून करत आलो आणि हिशेबात 'किरकोळ' म्हणून टाकत आलो. काकांनी त्याचं वेगळं प्रवासाचं हेड केलं, दरवर्षी होणारा आवर्ती खर्च एकीकडे, कपाट-पलंग-संगणक हा एकदाच होणारा अनावर्ती दुसरीकडे, आणि जिथे गाईडलाईनमध्ये दर ठरलेला आहे तिथे एक रुपया जास्त लावू दिला नाही. ऑडिटला आक्षेप निघाला की वसुली संस्थेकडून होते, तेव्हा कोणी हितचिंतक येत नाही म्हणाले.

पैसे आल्यावरचंही आधीच सांगितलं, हे मला सगळ्यात आवडलं. अनुदानाचं खातं वेगळं ठेवा, त्यावर पडलेलं व्याज आपलं नसतं ते सरकारला परत जातं, जीएफआर १२-ए ह्या सरकारी नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले असं लिहून देणं) दिल्याशिवाय पुढच्या हप्त्याचं नाव काढू नका. आणि, "पयसे मिळतले, पण तुमच्या गरजेक नाय, त्यांच्या सवडीन." खरंय ते. एका ऑफिसात आमची फाईल साहेबांची बदली झाली म्हणून पावसाळाभर पडून होती, तोवर दोन कार्यकर्त्यांचं मानधन उसनवारीवर चाललं. काकांनी आधीच सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवायला सांगितलं होतं म्हणून निभावलं.

अजून एक, बोर्ड बघून लोक मनोधैर्य ह्या राज्याच्या मदत योजनेचा फॉर्म भरायला पण येतात. ती मदत संस्थेला नसते, पीडितेला किंवा वारसांना असते, बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांत, २०१३ ला सुरू झाली आणि २०१७ ला दहा लाखांपर्यंत वाढवली. काका असा फॉर्म पैसे घेऊन भरत नाहीत, सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाईन नंबर त्यांनी काउंटरवर चिकटवून ठेवलाय.

आता कुरबुरी. दुकान एक ते चार बंद, काहीही झालं तरी, तुम्ही देवगडवरून आलात का गोव्यावरून त्याच्याशी देणंघेणं नाही. अपॉइंटमेंट नावाचा प्रकार नाही, मध्येच कोणाचं तरी सातबाराचं काम निघतं आणि तुमची फाईल बाजूला. पाऊस लागला की लाईट जाते, इन्व्हर्टर आहे पण तो काकांच्या पंख्याला, पोर्टल निम्म्यात लॉगआउट. काका व्हॉट्सॲपवर लिहीत नाहीत, लांबलचक व्हॉईस मेसेज टाकतात, मागे टीव्ही चालू.

आणि एक गोष्ट खरंच खटकली. भाचीचा मॉनिटर रस्त्याकडे तोंड करून होता, आमच्या केसेसची माहिती टाईप होताना झेरॉक्सच्या रांगेतल्या कोणालाही वाचता आली असती. छोटा जिल्हा, गाव आणि वय कळलं की बाई कोण ते कळतंच. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी हे चालण्यासारखं नाहीच. मी तिथल्या तिथे बोलले. मॉनिटर फिरवला गेला, आणि भाचीने नंतर स्वतःहून केसच्या उदाहरणांतली गावं काढून नुसता तालुका ठेवला. तरी तुम्ही जाल तेव्हा मूळ केस पेपर नेऊच नका, नुसते आकडे आणि, नावं काढून केलेला, गोषवारा पेन ड्राइव्हवर न्या आणि काम झालं की त्यांच्या कॉम्प्युटरवरून डिलीट करून घ्या, समोर उभं राहून.

फी आधी ठरवतात, निम्मी आधी निम्मी प्रस्ताव सबमिट झाल्यावर. मंजूर रकमेवर टक्केवारी मागत नाहीत, आणि 'वर ओळख आहे' असं एकदाही म्हणाले नाहीत, ह्या धंद्यात ही दोन वाक्यं कोणी म्हणालं की तिथून उठायचं. पाचपैकी चार स्टार, एक त्या मॉनिटरसाठी कापला. शक्यतो सकाळी दहाला जा, मार्चएंडला आणि शिमग्यात अजिबात नको, गाडी बाजारात घालू नका, आणि सोबत विश्वस्तांच्या ठरावाच्या दोन प्रती असू द्या कारण एक ते ठेवून घेतात आणि मग शोधत बसतात.