ट्रान्सफर केस ॲक्चुएटरचं गिअर किट – घ्याच

ट्रान्सफर केस ॲक्चुएटर म्हणजे गाडी टू व्हीलवरून फोर व्हील ड्राइव्हमध्ये टाकणारं मोटरचं युनिट. माझ्या गाडीत फोर व्हील ड्राइव्हचा लाइट ब्लिंक होत होता, मोटर फिरल्याचा आवाज यायचा पण फोर हाय (नेहमीच्या वेगाचा फोर व्हील मोड) काही लागायचं नाही. उघडून बघितलं तर आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात पार झिजलेले, आणि एवढ्याशा गिअरसाठी लोक अख्खा ॲक्चुएटर बदलतात हो! किटमधला गिअर अगदी परफेक्ट बसला, दात स्वच्छ कापलेत, आवाजही बंद. ग्रीस मात्र फारच कमी दिलंय, वेगळं घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि खोलण्याआधी शाफ्टच्या पोझिशनला मार्करने खूण कराच करा, नाहीतर पोझिशन सेन्सर जुळत नाही. काही गाड्यांना नंतर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) कॅलिब्रेशनही, म्हणजे पोझिशन नव्याने जुळवून घेणं, लागतं.