‘नस मोकळी’ करून देणाऱ्यांनी आमच्या बाबांचे केलेले नुकसान

गेल्या चवथीला नेवरीचा (करंजीचा) घास बाबांच्या घशात अडकला, तेव्हा तो कोरडा होता म्हणून अडकला असेल असे समजून आम्ही सर्वांनी तिकडे दुर्लक्ष केले. त्यानंतर भाकरी गिळेनाशी झाली, मग शीत (भात), आणि दोन महिन्यांत त्यांचा आहार उकड्या तांदळाच्या पेजेवर येऊन वजन सात किलोंनी घटले. बाबांचे वय 71. मधुमेह जुना आहे आणि मान तर इतकी ताठ, की मागून कोणी हाक मारली तर ते संपूर्ण अंगानेच वळतात.

एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून मी त्यांना म्हापशातील एका मणका-उपचार केंद्रात नेले. तेथील पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी मानेचा एक्स-रे उजेडावर धरला, मणक्यांच्या पुढच्या बाजूला वाढलेले हाड बोटाने दाखवले आणि सांगितले, “काका, हे हाड गिळण्याची नस दाबते आहे. एकवीस बैठकांत नस मोकळी होईल आणि हाड विरघळेल.” हाड खरोखरच दिसत होते, म्हणून पुढचे सर्वही खरे असणार असे मला वाटले. 34,000 रुपये आगाऊ घेतले गेले आणि मानेच्या पट्ट्याचे 4,500 वेगळे. मोठ्या इस्पितळात जाण्याविषयी विचारल्यावर, “तिथे गळा कापतील आणि आवाज जाईल,” असे उत्तर मिळाले. त्या एका वाक्याने बाबांनी इस्पितळाचे नाव टाकले.

प्रत्येक बैठकीत तेल लावून मान ताणली जाई आणि शेवटी दोन्ही बाजूंना झटके दिले जात. नवव्या बैठकीच्या सुमारास पाणी प्यायल्यावर बाबांचा आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होऊ लागला आणि रात्री ठसका लागून ते उठून बसू लागले. ‘नस जागी होत असल्याची ही खूण आहे’ असे आम्हाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात अन्नपाणी श्वासनलिकेत उतरत होते. तेराव्या बैठकीनंतर ताप चढला आणि छातीत न्यूमोनिया झालेल्या स्थितीत आम्ही त्यांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखल केले.

तेथे मानेच्या हाडाला लगेच दोष दिला गेला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उतारवयात मणक्यांवर अशी हाडे अनेकांना वाढतात आणि बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. त्यामुळे घशात किंवा अन्ननलिकेत गाठ नाही ना, हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय एक्स-रेवरून निष्कर्ष काढणे म्हणजे एखादा कर्करोग नजरेआड करण्यासारखे आहे, असे डॉक्टरांनी समजावले. गाठ नव्हती. मग बेरियम हे एक्स-रेत दिसणारे द्रव्य पाजून हलत्या एक्स-रेवर गिळण्याची क्रिया पाहिली, तेव्हा चौथ्या-पाचव्या मणक्यासमोरच्या उंचवट्यावरून ते पांढरे द्रव्य वळसा घेऊन जाताना आणि थोडे श्वासनलिकेकडे सांडताना मी स्वतः पाहिले. घसा आणि अन्ननलिका मानेच्या मणक्यांना अगदी लागून पुढे असतात, मध्ये केवळ स्नायूंचे पातळ थर. हाड पुढे वाढले की अन्नाची वाट अरुंद होते आणि श्वासनलिकेवर झाकण घालणाऱ्या पडद्याला पुरेसे वाकता येत नाही. बाबांच्या मणक्यांवर हाडांचे सलग पूल तयार झाले आहेत. हा आजार 1950 साली फॉरेस्टिए आणि रोटेस-केरोल या डॉक्टरांनी वर्णिला होता, आणि तो उतारवयातील मधुमेहींमध्ये अधिक दिसतो.

म्हणजे हाडामुळे घास अडतो हे खरे होते, परंतु ‘दबलेली नस’ ही निव्वळ बनावट होती. गिळण्याचे मुख्य काम पाहणाऱ्या नसा मेंदूच्या बुंध्यातून निघून कवटीच्या तळातून खाली येतात. मानेच्या मणक्यांमधून निघणारी नस दबली तर प्रामुख्याने खांदा आणि हात दुखतो, बधिर होतो. वाढलेले हाड तेलाने किंवा ताणाने विरघळत नाही. उलट असे सांधलेले, ताठ मणके किरकोळ आघातानेही मोडू शकतात, आणि त्याच मानेला तेरा वेळा झटके दिले गेले, हे आठवले की आजही माझे हात थरथरतात.

मानेच्या पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बसू शकतो, हेही खोटे नाही. तो धोका डॉक्टरांनी आम्हाला स्वतःहून सांगितला, हाड काही वर्षांनी पुन्हा वाढू शकते हेही सांगितले, आणि म्हणून प्रथम मऊ अन्न, दाटसर द्रव, लहान घास व मान कोणत्या स्थितीत ठेवून गिळावे याचे शिक्षण यांवर भर दिला. बाबांचे वजन आता घटायचे थांबले आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय पुढील तपासणीनंतर होईल.

केंद्राने पैसे परत केले नाहीत. पावतीवर उपचाराचा उल्लेख नाही, केवळ ‘सेवाशुल्क’ आहे, आणि त्या गृहस्थांचा नोंदणी क्रमांक कोठेच नाही. मी तो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. एक्स-रे, पावत्या आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता आली. अशा तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. ज्यांच्या घरी कोणाला घास अडकतो आहे, वजन उतरते आहे किंवा पाणी पिताना ठसका लागतो आहे, त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत मानेला कोणाचाही हात लावू देऊ नये. म्हापशातील ती जागा आता बंद आहे. मागच्या आठवड्यात मडगावात दुसऱ्या नावाची पाटी पाहिली. त्यावर तोच चेहरा होता आणि तीच एकवीस बैठकांची हमी.