एटसीकीपर: बदल टिपतं, कारण मात्र वसूल करावं लागतं

एटसीकीपर म्हणजे लिनक्सच्या एटसी फोल्डरमधल्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलींतले बदल टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर. माझ्याकडून त्याला पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण कुठे गेला, ते आधी सांगते.

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका औषधांच्या ठोक व्यापाऱ्याचा लिनक्स सर्व्हर माझ्याकडे आला तेव्हा त्यावर एटसीकीपर आधीच बसवलेलं होतं. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. वीज आल्यावर सर्व्हर उठला, पण मालाचा शोध घेणारं इलॅस्टिकसर्च काही उठेना. त्याला कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट ही मेमरीची सेटिंग किमान २६२१४४ लागते. कर्नेल मूळच्या ६५५३० वर परत गेलं होतं. आधीच्या कोणीतरी ती चालू सिस्टिमवर सिसकंट्रोल या कर्नेलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने वाढवली होती आणि फाइलमध्ये लिहिलीच नव्हती. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि एटसीकीपरच्या लॉगमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. असणार तरी कसं? ते फक्त एटसी फोल्डरमधल्या फाइली बघतं. चालू कर्नेलमध्ये थेट केलेला बदल त्याला दिसतच नाही.

माझे पहिले साहेब एचपी-यूएक्सवाले, म्हणजे एचपीच्या युनिक्स सिस्टिमवर काम केलेले. त्यात केसीलॉग नावाची कमांड आहे. कर्नेलची ट्यूनेबल, म्हणजे बदलता येणारी सेटिंग, बदलली की सिस्टिम आपणहून केसी.लॉग फाइलमध्ये नोंद करते, आणि बदलतानाच शेराही जोडता येतो. लिनक्सवर अशी आयती सोय नाही, म्हणून एटसीकीपरवर भागवायचं.

भागतं मात्र छान. जोई हेस यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर. एटसी फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा बदलांसकट इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतं. त्याच जातीची मर्क्युरियल, बझार, डार्क्सही चालतात. कर्नेलशी संबंध येणाऱ्या बहुतेक सेटिंग इथेच असतात: सिसकंट्रोलच्या फाइली, कर्नेलचं कुठलं मॉड्यूल (जोडभाग) चढवायचं नि कुठलं नाही ते, सिस्टिम सुरू करणाऱ्या ग्रबच्या बूट ओळी. फाइलींचे मालक आणि परवानग्या गिट नीट जपत नाही, त्या हे वेगळ्या लिहून ठेवतं. आपल्या लॉगिनवरून सुडो ही कमांड वापरून बदल केला तर नोंदीत माणसाचं नाव येतं. सगळेच रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, म्हणून थेट शिरत असतील तर मात्र लॉगभर रूटच रूट, मग विचारायचं कोणाला?

खरी मेख आहे ती बसवल्या-बसवल्याच्या सेटिंगमध्ये. रोज एकदा ते आपोआप कमिट मारतं, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवतं, आणि शेरा लिहितं 'डेली ऑटोकमिट'. अ‍ॅप्टने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने) काही बसवायच्या आधी, राहिलेले बदलही तसेच गुपचूप आत ढकलतं. महिन्याभराने लॉग उघडला की तारखा आहेत, ओळी आहेत, पण अमुक किंमत काहून वाढवली याचा पत्ता नाही. अशी वही असून नसल्यासारखीच.

म्हणून मी एटसीकीपर.कॉन्फ ही त्याची सेटिंगची फाइल उघडून दोन ओळींपुढची # ही खूण काढून त्या चालू करते: 'अव्हॉइड डेली ऑटोकमिट्स' आणि 'अव्हॉइड कमिट बिफोर इन्स्टॉल'. दुसरी तर सोन्यासारखी. कोणी फाइल बदलून कमिट न करता ठेवली असेल, तर अ‍ॅप्ट इन्स्टॉलच रद्द करतं. पहिल्याच आठवड्यात आमच्या पोराचा फोन, "ताई, हे इन्स्टॉलच नाही होऊन राहिलं." म्हटलं, आधी शेरा लिही, मग होईल. त्याने लिहिलं: "ताईंनी सांगितलं म्हणून." कानउघाडणी केली, आता निदान 'स्वॅपिनेस ६० वरून १० केला, बिलिंग अडकत होतं' इतकं तरी लिहितो.

चालू कर्नेलचं आंधळेपण मी जुगाडाने झाकलंय. रात्रीचा एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, 'सिसकंट्रोल -ए'चं सगळं उत्तर, म्हणजे चालू कर्नेलच्या सगळ्या किमती, एटसीमधल्याच एका फाइलीत उतरवतो. त्यातल्या सतत हलणाऱ्या ओळी, म्हणजे उघड्या फाइलींची मोजणी, डेंट्रीचे आकडे, रँडम यूयूआयडी, गाळून टाकायच्या. नाहीतर रोज बदल दिसतो आणि बघायची इच्छाच मरते. गाळल्यावर जे उरतं ते कामाचं. सकाळी ही फाइल बदललेली दिसली आणि सिसकंट्रोलच्या फाइलींत काही नसलं, तर कोणीतरी वरच्यावर हात मारलाय हे कळतं.

जुनी फाइल गिटमधून परत आणली म्हणजे कर्नेलही परत गेलं, असं समजू नका. नंतर 'सिसकंट्रोल --सिस्टिम' चालवावं लागतं.

कर्नेल बांधतानाचे पर्याय बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत असतात, ते याच्या हद्दीबाहेर. दोन कर्नेलमधला फरक हवा असेल तर कर्नेलच्या सोर्ससोबत येणारी डिफकॉन्फिग ही स्क्रिप्ट वापरा.

शॅडो फाइल, म्हणजे पासवर्डचे हॅश, याच रेपोत, म्हणजे गिटच्या साठ्यात जातात. रेपो गिटहबवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यावर ढकलायचा मोह कोणाला झाला तर हात धरा. आमची प्रत ऑफिसातल्याच दुसऱ्या मशीनवर जाते. रेड हॅट घराण्याच्या मशीन असतील तर हे एपेल या जादा सॉफ्टवेअरच्या साठ्यात मिळतं, डीएनएफचा (तिथल्या अ‍ॅप्टसारख्या कमांडचा) जोड मात्र वेगळा बसवावा लागतो.