घरी येणारी नर्स, फोंडा: ५ पैकी ४ स्टार
बांबोळीच्या हॉस्पिटलातून बाबांना घरी आणलं तेव्हा हातात फक्त गोळ्यांची पिशवी, पुढं काय करायचं ते कोण सांगणार. ओळखीतून ही सर्व्हिस मिळाली. सिस्टरने पहिल्याच दिवशी पडून पडून पाठीवर आलेला लाल चट्टा बघितला, दर २ तासांनी कूस बदला म्हणाली, एअर मॅट्रेस लावली, आणि मॉर्फिन (दुखणं कमी करायचं औषध) चालू आहे, त्याने पोट साफ होत नाही, तर पोट साफ व्हायचं औषध पण हवंच हे तिनेच सांगितलं, आम्ही आपले बाबा जेवत नाहीत म्हणून जबरदस्तीने पेज भरवत बसलेलो. ओल्या कापसाने ओठ पुसले की बाबांना बरं वाटायचं. जाताना मला विचारायची, दादा, तुम्ही जेवलात? (कोणीच विचारत नव्हतं हो.) एक स्टार कापला कारण रविवारी फोन उचलत नाहीत आणि मॅट्रेसचा पंप रात्रभर घुर्र घुर्र.