एच-४ हॅलोजन बल्ब, ६०/५५ वॅट: साधाच बरा

अल्टोसारख्या गाडीच्या हेडलाइटला हाच बल्ब लागतो: हाय बीमला (लांबचा उजेड) ६० वॅट, लो बीमला (जवळचा उजेड) ५५. दुकानदार १००/९० वॅटचा गळ्यात मारू पाहतो, घेऊ नका. ६० वॅटला साधारण ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८ च्या वर. मूळ वायरिंग तापतं, होल्डरचं प्लास्टिक वितळतं आणि बिचाऱ्या बल्बला शिव्या बसतात.

बदलण्याआधी जुना बल्ब पाहा. काच काळवंडली किंवा तार तुटली असेल तर बल्बच गेलाय. दोन्ही बाजूंचे लो बीम एकदम गेले तर आधी फ्यूज आणि रिले (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) तपासा. दिवा लागतो पण मिणमिणता? मग बहुधा अर्थिंगची वायर (गाडीच्या बॉडीला जोडलेली) सैल किंवा गंजलेली. नवा बल्बही तसाच मिणमिणेल.

बसवताना लाइट बंद, बल्ब गार. कनेक्टर ओढा, रबरी टोपी काढा, स्प्रिंग क्लिप सोडवा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागापाशी काच जास्त तापून तडकते. बल्बच्या कड्याच्या तीन पाकळ्या खाचांत नीट बसल्या नाहीत तर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. रबरी टोपी मात्र पुन्हा घट्ट बसवा, नाहीतर पावसाळ्यात दिव्यात वाफ धरते.