पॅन्टोप्राझोल की फॅमोटिडीन?

सावजीचा रस्सा ओरपला की दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी पॅन्टोप्राझोल, हे नागपुरातल्या कित्येक घरांत ठरूनच गेलंय. डॉक्टरांनी ४ आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी मेडिकलमधून स्ट्रिपमागून स्ट्रिप आणत वर्षानुवर्षं चालते, याची मला खरंच काळजी वाटते.

ॲसिडिटीवरची दुसरी गोळी म्हणजे फॅमोटिडीन. सुरुवातीचे त्रास दोन्हींचे सारखेच: डोकेदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता. फरक पडतो तो पुढे. पॅन्टोप्राझोल आम्ल सोडणारे पंपच बंद पाडते, त्यामुळे अल्सर असेल किंवा सांधेदुखीच्या पेनकिलर रोज चालू असतील तर तीच भरवशाची. पण फार काळ घेतली तर शरीरातलं बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. हाडं मोडण्याचा धोकाही थोडा वाढलेला दिसतो. बी-१२, मॅग्नेशियम कमी झालं की तळपायाला मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि आई-बाबा 'आता वय झालं' म्हणून सोडून देतात. सोबत मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ तपासून घ्याच. गोळी एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

फॅमोटिडीन तासाभरात लागू पडते, पण रोज घेतली तर दोनेक आठवड्यांत असर ओसरू लागतो. किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिने भ्रम होऊ शकतो. त्यांचा डोस कमी करावा लागतो.

कधीमधीच्या जळजळीला मी फॅमोटिडीनच बरी म्हणेन. मात्र संडास काळी होत असेल किंवा घास गिळताना अडकत असेल, तर गोळी कोणती हा प्रश्न नंतरचा, आधी डॉक्टर गाठा.